आहेराची वही आणि 70 मार्कांचा पेपर

लग्नघरी मांडवाच्या तोंडाशी टेबल टाकून एक जण वही घेऊन बसलेला असतो. विश्वासातला, अक्षर बरं असलेला, बहुतेक वेळा भावकीतलाच. अनुक्रमांक, नाव, गाव, रक्कम. 101, 501, 1101. साडी आली तर साडी, टॉवेल-टोपी आली तर तशी नोंद. लग्न उरकलं की वही कपाटात जाते आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं नात्यात कार्य निघालं की बाहेर येते, त्यांनी आपल्याला काय केलं होतं ते बघायला. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने 1925 साली देण्याघेण्यावर जो दीर्घ निबंध लिहिला, त्याचा गाभ्यातला प्रश्न हाच होता: मिळालेलं परत करायला माणसाला भाग कोण पाडतं? सांस्कृतिक मानवशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमात हा प्रश्न हमखास येतो. दूरशिक्षणाने हा विषय घेतलेला पुण्यातला विद्यार्थी त्याचं उत्तर पाठ करतो, दहा मार्कांपुरतं. घरातली वही तो उघडत नाही, कारण ती उघडायला त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

हा विषय दूरशिक्षणातून शिकवावा की नाही, यावर बरीच वर्षं एक साचेबंद वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, क्षेत्रकार्याशिवाय, म्हणजे प्रत्यक्ष लोकांत जाऊन-राहून केलेल्या अभ्यासाशिवाय, मानवशास्त्र नाही आणि क्षेत्रकार्य पोस्टाने किंवा पडद्यावरून शिकवता येत नाही. दुसरी म्हणते, पुस्तकं आहेत, व्हिडिओ आहेत, शिकणाऱ्याची गरज आहे, मग अडवायचं कशाला? माझं म्हणणं असं की या विषयाच्या पहिल्या पायरीसाठी दूरशिक्षण हे वर्गापेक्षाही चांगलं साधन ठरू शकतं, कारण विद्यार्थी त्याच्या माणसांतच राहतो. मात्र त्यासाठी अभ्यासक्रमाच्या मध्यभागी पाठ्यपुस्तक न ठेवता टिपणवही ठेवावी लागेल आणि मार्कही तिलाच द्यावे लागतील. आज तसं होत नाही. इग्नू या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात बहुतेक अभ्यासक्रमांत स्वाध्यायांना 30 टक्के आणि सत्रान्त परीक्षेला 70 टक्के भार असतो. 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमांतही प्रमाण साधारण हेच. ज्या विषयाचा जीव पाहण्यात, ऐकण्यात आणि टिपण्यात आहे, त्याची 70 टक्के परीक्षा तीन तासांच्या स्मरणावर घेतली जाते.

क्षेत्रकार्याचा आग्रह धरणाऱ्यांचं म्हणणं हलकं घेण्यासारखं नाही. या शास्त्राची सुरुवातच दुरून झाली होती आणि ती फसली होती. एडवर्ड टायलरने 1871 साली संस्कृतीची व्याख्या केली ती इंग्लंडमध्ये बसून, प्रवासी आणि मिशनरी लोकांनी पाठवलेल्या माहितीवर. 1874 साली तर प्रवाशांनी काय विचारावं, काय टिपावं याची प्रश्नपुस्तिकाच निघाली. आपल्याकडचं उदाहरण जवळचं आहे. 1909 च्या डिसेंबरात अनंत कान्हेऱ्यांनी ज्याच्यावर गोळ्या झाडल्या, तो नाशिकचा कलेक्टर जॅक्सन लोकसमजुतींचा अभ्यासक होता. त्याने गावोगावच्या शाळामास्तरांकडे प्रश्नावली धाडून उत्तरं गोळा केली होती. त्याच्या मृत्यूनंतर एन्थोवेन या इंग्रज अधिकाऱ्याने ती संकलित केली आणि कोकणावरचा खंड 1915 साली छापून आला. सामग्री मोलाची आहे. पण प्रश्नावलीचा दोषही तिथे दिसतो. "अमुक प्रसंगी लोक तमुक करतात" असं वाक्य येतं. कोणत्या लोकांनी, कधी, आणि न करणारे कोण होते, हे येत नाही. मास्तर गावाच्या वतीने उत्तर देतो आणि गाव एकजिनसी होऊन जातं.

मालिनोव्स्की हा मानवशास्त्रज्ञ 1915 ते 1918 या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर जाऊन तंबू ठोकून राहिला, तेव्हा ही रीत मोडली. आजचा दूरशिक्षणाचा विद्यार्थी जॅक्सनच्या जागी नाही आणि मालिनोव्स्कीच्याही नाही. तो त्या शाळामास्तराच्या जागी आहे. गावातच आहे, भाषा त्याचीच आहे, फक्त नीट पाहायला त्याला कुणी शिकवलेलं नाही. दूरशिक्षणाचं काम तेवढंच आहे, आणि ते लहान नाही.

'घर म्हणजे क्षेत्र नव्हे, परक्यांत गेल्याशिवाय दृष्टी येत नाही' हा आक्षेपही ऐकू येतो. पुण्यात तरी तो फार टिकू नये. 1939 पासून डेक्कन कॉलेजात काम करणाऱ्या इरावती कर्वे यांनी वारीत चालताना टिपलं ते हे की एकाच विठोबाच्या वाटेवर चालणाऱ्या दिंड्या जेवताना जातीनुसार वेगळ्या बसतात. रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट होती ती. कर्व्यांनी ती लिहून ठेवली, त्यामुळे तिच्यावर विचार करता आला. शिवाय नियमित महाविद्यालयातही पहिल्या वर्षाला वर्षभराचं क्षेत्रकार्य कुठे असतं? फार तर काही दिवसांची अभ्याससहल असते, आणि पंधरा मुलं एका पाड्यावर गेली की पाडा त्या मुलांचाच अभ्यास करू लागतो.

मग घरी बसलेल्या विद्यार्थ्याने सुरुवात कुठून करावी? नात्यांपासून. याला कारण आहे. नातेसंबंध हा प्राथमिक अभ्यासक्रमातला सर्वांत कंटाळवाणा भाग समजला जातो. सहा प्रकारच्या परिभाषा-व्यवस्था, म्हणजे नातलगांना शब्द लावण्याच्या पद्धती, त्यांना दिलेली अमेरिकेतल्या आणि इतर समाजांची नावं, आणि त्या लक्षात ठेवायच्या युक्त्या. मराठी माणसाला मात्र हा भाग सर्वांत सोपा जायला हवा. इंग्रजीतला एक 'कझिन' आपल्याकडे चुलत, आते, मामे आणि मावस असा चार ठिकाणी फुटतो. शास्त्रात समांतर (चुलत, मावस) आणि विषम (आते, मामे) भावंडं असा जो भेद करतात, त्याचे चारही कप्पे आपल्या रोजच्या बोलण्यात तयार आहेत. 'मुलगी देणे' आणि 'मुलगी करणे' ही दोन क्रियापदं बघा. "आम्ही त्यांच्यात दिली", "त्यांच्यातली केली". लेव्ही-स्ट्रॉस या फ्रेंच मानवशास्त्रज्ञाने 1949 साली मुली देणारे आणि मुली घेणारे गट असा जो विवाहाचा सिद्धांत मांडला, त्याचं अर्धं व्याकरण या दोन वाक्यांत आहे. साटंलोटं हा शब्द आज राजकारणाच्या बातम्यांत दिसतो, पण त्याचा मूळ अर्थ दोन घरांनी एकमेकांच्या मुली करून घेणं असा आहे. सून सासऱ्याला 'मामंजी' आणि सासूला 'आत्याबाई' का म्हणत असे? आत्याघरी भाची सून म्हणून जाण्याच्या चालीची खूण त्या हाकेत उरलेली आहे. कर्व्यांनी 1953 च्या आपल्या ग्रंथात भारताचे नातेव्यवस्थेनुसार विभाग पाडले. महाराष्ट्र त्यांत उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात येतो. इथे अनेक समाजांत मामाची मुलगी करता येते, आत्याची सहसा करत नाहीत. हे वाचून समजतं. तेच वंशावळ काढताना दिसलं की पुन्हा विसरत नाही.

वंशावळ काढायची रीत डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स या इंग्रज अभ्यासकाने 1898 च्या, ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांमधल्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत घालून दिली. ती आजही चालते, फक्त आजची चिन्हं नंतर रुळलेली आहेत. पुरुषाला त्रिकोण, स्त्रीला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह, भावंडांना वरून जोडणारी आडवी रेघ, मूल खाली उभ्या रेघेवर, मृत व्यक्तीवर तिरकी रेघ. ज्याच्या नजरेतून नाती मोजायची ती व्यक्ती, म्हणजे 'ईगो', भरीव रंगवायची. इंग्रजी संक्षेप वापरायचे असतील तर बहिणीला झेड, कारण एस मुलासाठी राखलेला असतो. इथे पहिल्या प्रयत्नात निम्मे विद्यार्थी घसरतात.

कागद मोठा घ्यावा. चार ए-फोर चिकटवले तरी चालतात. पेन्सिल वापरावी आणि ईगो खालच्या तिसऱ्या भागात मध्यावर ठेवावा. आईकडची बाजू आधी विचारावी. वडिलांची आधी घेतली की कागद भरतो आणि आजोळ कोपऱ्यात चेपलं जातं. रिव्हर्स फक्त आई, बाप, मूल, नवरा, बायको एवढेच शब्द वापरून सुरुवात करत असे. "तुमचे काका कोण?" असं विचारत नसे. मराठीत तर हा नियम फारच पाळायला हवा, कारण आपल्याकडे शेजारीही काका असतो आणि दुकानदारही. आधी "तुमच्या आईची आई कोण, तिला किती मुलं झाली" असं विचारत सांगाडा उभा करायचा आणि मगच प्रत्येकावर बोट ठेवून "यांना तुम्ही काय म्हणता, ते तुम्हाला काय म्हणतात" हे टिपायचं.

दोन बैठकांत पन्नास-साठ माणसं कागदावर येतात. तरी काही गळतातच, आणि कोण गळतं तेही ठरलेलं असतं: लहानपणी गेलेली मुलं, पहिली बायको, मोडलेलं लग्न, जातीबाहेर लग्न करून गेलेली मुलगी. त्यामुळे घरातल्या एका वडीलधाऱ्या पुरुषाकडून आणि एका स्त्रीकडून वंशावळ वेगवेगळी घ्यावी. दोन्ही जुळणार नाहीत. विद्यार्थ्याला हात शिवशिवतात ते दोन्ही जुळवून एक 'बरोबर' वंशावळ तयार करायला. तसं करू नये. फरक जिथे आहे तिथेच त्या घराने काय विसरायचं ठरवलंय ते कळतं.

आता पुन्हा आहेराकडे. वही मिळाली तर, घरच्यांना विचारूनच, तिच्यातल्या शंभरेक नोंदी उतरवून घ्याव्यात. नावाच्या जागी क्रमांक घालावा आणि पुढे नातं, गावाचं अंतर, रक्कम किंवा वस्तू, आणि त्याआधी या घराने त्यांना काय केलं होतं असे रकाने करावेत. शेवटचा रकाना वहीतून भरत नाही. त्यासाठी घरातल्या जाणत्या बाईजवळ बसावं लागतं. मग रकमांचे थर दिसू लागतात: सख्खे, भावकीतले, सोयरे, वाड्यातले किंवा सोसायटीतले, ऑफिसातले. सोयऱ्यांत परतफेड थोडी चढी असते का? ऑफिसातल्या पाकिटांची परतफेड खरंच होते का, की बदली झाली की हिशेब सुटतो? वरचा एक रुपया कशासाठी? या शेवटच्या प्रश्नावर विद्यार्थी लगेच लिहितो, 'शून्य अशुभ मानतात'. कुणी मानतं म्हणून सांगितलं का, की हे त्याचं स्वतःचं आहे? टिपणात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या तर अभ्यासक्रमाचा निम्मा हेतू पार पडला.

ब्लाउजपीसचं उदाहरण तर शिक्षकांनी आवर्जून वापरावं असं आहे. मालिनोव्स्कीने वर्णन केलेल्या कुला व्यवहारात शिंपल्यांचे हार एका दिशेने आणि बाहूवरची कडी उलट दिशेने बेटाबेटांवर फिरतात. हळदीकुंकवाला, ओटीला, डोहाळजेवणाला दिलेला ब्लाउजपीसही असाच न शिवता फिरत राहतो. घरोघरी त्यांची पिशवी असते. साम्य लगेच भुरळ घालतं, पण खरा अभ्यास साम्य संपतं तिथून पुढे आहे. कुलातल्या नामांकित वस्तूंना नाव असतं, इतिहास असतो. ती कुणाकुणाच्या हातून आली हे सांगण्यातच मान असतो. आपल्या पीसचं उलट आहे. तो कुणाकडून आला हे विसरलं जावं लागतं, आणि ज्या बाईने दिला तिलाच परत जाऊ नये एवढ्यापुरतं लक्षातही ठेवावं लागतं. एकीकडे वस्तूचा प्रवास मिरवतात, दुसरीकडे झाकतात. असं का? दहा घरांतल्या बायकांशी बोलून यावर दोन पानं लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला कुला पाठ करावं लागत नाही.

टिपण घेण्याचं तंत्र कोरडं वाटतं, पण गाडी अडते ती तिथेच. जागेवर फक्त खुणेचे शब्द टिपायचे. त्याच रात्री, फार तर दुसऱ्या दिवशी, सविस्तर लिहून काढायचं. एका तासाच्या निरीक्षणाला लिहायला दोन-अडीच तास लागतात. हे आधी सांगितलं नाही तर विद्यार्थी तीन तास मंडईत फिरून येतो आणि अर्धं पान लिहितो. पानाचे तीन भाग करावेत: दिसलं ते, ऐकलं ते त्यांच्याच शब्दांत, आणि मला वाटलं ते. जागा छोटी निवडावी. 'जुना बाजार' हा विषय नव्हे. जुन्या बाजारातल्या एका पथारीभोवती रविवारी आणि बुधवारी पाऊण पाऊण तास, हा विषय होऊ शकतो. रविवारचं आणि बुधवारचं गिऱ्हाईक वेगळं का दिसतं, इथून विचार सुरू होतो. आणि पहिल्या महिन्यात टिपणवहीत तीन शब्दांना बंदी असावी: परंपरा, श्रद्धा, संस्कृती. हे शब्द आले की निरीक्षण थांबतं. हळदीकुंकवाचं वर्णन या तीन शब्दांशिवाय करायला बसलं की कोण आलं, कुणाला आधी लावलं, कुणाला बोलावणंच गेलं नाही आणि ती बाई त्या वेळी कुठे होती, हे लिहावं लागतं.

वहीची दुसरी प्रतही हवी, रोज मोबाइलवर फोटो काढून. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या कर्नाटकातल्या रामपुरा गावावरच्या विश्लेषित टिपणांच्या तिन्ही प्रती 1970 साली कॅलिफोर्नियातल्या आगीत जळाल्या आणि त्यांना पुष्कळसं आठवणीतून लिहावं लागलं. त्यांना ते जमलं. विद्यार्थ्याला जमणार नाही.

घरच्या क्षेत्रात नीतीचा प्रश्न सोपा होत नाही, उलट अवघड होतो. आत्याने भाचा म्हणून सांगितलेली गोष्ट भाचा विद्यार्थी म्हणून लिहू शकतो का? तिला पुन्हा विचारल्याशिवाय नाही. ध्वनिमुद्रण करण्याआधी परवानगी घ्यावी, आणि ते अभ्यासगटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकू नये. तिथून ते कुठेही जातं. पुण्याजवळ मावळ, मुळशी, जुन्नर, आंबेगावात कातकरी, ठाकर, महादेव कोळी वस्त्या आहेत, आणि पहिल्याच सत्रात तिकडे धाव घेण्याचा मोह असतो. तो आवरावा. कातकरी हे राज्यातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक आहेत. सर्वेक्षणाचे कागद घेऊन येणाऱ्यांचा त्यांना पुरेसा अनुभव आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांची नावं यादीत गेली, ते समाज 1952 साली विमुक्त झाले. नाव-गाव विचारून लिहून घेणाऱ्या माणसाकडे त्या समाजांतली म्हातारी माणसं संशयाने पाहतात, त्याला हा इतिहास कारण आहे. नवशिक्याने सराव स्वतःच्या घरावर करावा.

या विषयाच्या मराठी नावाचाही इथे अडथळा होतो. लोक अजून 'मानववंशशास्त्र' म्हणतात, आणि त्यातल्या 'वंश'मुळे कवट्या मोजणारं शास्त्र डोळ्यांसमोर येतं. कर्व्यांनी बर्लिनमध्ये कवट्या मोजल्या होत्या, आणि त्यांचे निष्कर्ष त्यांच्या मार्गदर्शकाच्या वांशिक गृहीतकाच्या विरोधात गेले होते. 'मानवशास्त्र' हा शब्द रुळायला हवा. पण नावापेक्षा भाषेचा मुद्दा मोठा आहे. दूरशिक्षणातली या विषयाची बहुतेक पाठ्यसामग्री इंग्रजीत आहे, काही हिंदीत. ई-ज्ञानकोश आणि ई-पीजी पाठशाला या संकेतस्थळांवर ती मोफत मिळते आणि तिचा दर्जाही बरा आहे. विद्यार्थी ती वाचतो आणि टिपणंही इंग्रजीत घेतो. "आमच्यात आत्याची पोर करत न्हाईत" हे वाक्य इंग्रजीत गेलं की 'आमच्यात' म्हणजे भावकी, जात की गाव, हा प्रश्नच पुसला जातो. 'करत न्हाईत'मधली दिशा जाते. 'न्हाईत'मधला माणूसही जातो. कच्चं टिपण बोलल्या भाषेतच राहिलं पाहिजे, उत्तर कुठल्याही भाषेत लिहा. मराठीतून मुक्त शिक्षण देणारी यंत्रणा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या रूपाने 1989 पासून उभी आहे. टिपणवहीवर आधारलेला प्राथमिक मानवशास्त्राचा मराठी अभ्यासक्रम चालवायला लागणारी अभ्यासकेंद्रं आणि अनुभव तिच्याकडे आहेत.

पुण्यात या विषयाकडे येणाऱ्यांत एक मोठा गट स्पर्धा परीक्षांचा आहे, आणि त्याच्याबद्दल बोलायलाच हवं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मानवशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे, प्रत्येकी 250 गुणांचे दोन पेपर. सदाशिव पेठ, नवी पेठेतल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या अनेकांना हा विषय तेवढ्याच रूपात भेटतो: व्याख्या, विचारवंत, तक्ता, निष्कर्ष. त्या मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. पेपर तसा आहे. पण त्यांतला कुणी उद्या धडगाव किंवा एटापल्लीसारख्या आदिवासी तालुक्यात अधिकारी म्हणून बसणार आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत दाव्याच्या पुराव्यांमध्ये गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी नोंदवलेलं कथन धरलेलं आहे. म्हातारीने सांगितलेली वहिवाट कशी ऐकायची, कशी लिहून घ्यायची आणि दोन कथनं जुळली नाहीत तर त्याचा अर्थ 'खोटं बोलतात' असा का नसतो, हे ज्याने एकदा स्वतःच्या आजीची वंशावळ काढताना अनुभवलंय, त्याच्या हातून तो दावा वेगळ्या तऱ्हेने तपासला जाईल.

आता हिशेबाकडे वळू, कारण प्रत्येक चांगली सूचना तिथेच अडते. इग्नूच्या पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे 30 तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांचा प्राथमिक अभ्यासक्रम म्हणजे 120 तास. त्यातले 50 टिपणवहीला द्यावेत: 12 तास निरीक्षण आणि बोलणं, 30 तास लिहून काढणं, 8 तास विश्लेषण आणि गटचर्चा. उरलेल्या 70 तासांत वाचन सहज होतं, आणि ते अधिक पटकन होतं, कारण वाचताना समोर स्वतःची सामग्री असते. मार्कांची विभागणी 40 टिपणवही, 20 तुलनात्मक काम आणि 40 लेखी परीक्षा अशी असावी. लेखी परीक्षेतही अर्धे प्रश्न असे हवेत की पेपरात एक पानभर कच्चं टिपण छापलेलं आहे, ते वाचून यात काय दिसतं, काय विचारायचं राहिलं, ते लिहा.

एका समुपदेशकाकडे, म्हणजे अभ्यासकेंद्रावरच्या शिक्षकाकडे, 25 विद्यार्थी धरले, प्रत्येकाच्या वहीचे तीन टप्पे आणि टप्प्याला 20 मिनिटं, तर एका सत्राला 25 तास वाचन होतं. शिवाय प्रत्येकाशी फोनवर पंधरा मिनिटांची एक तोंडी परीक्षा, म्हणजे आणखी सव्वासहा तास. एकूण सव्वाएकतीस तासांचं मानधन द्यायला लागेल, स्वतंत्र, आणि उत्तरपत्रिकेच्या दराने नव्हे. दूरशिक्षण स्वस्त असतं म्हणूनच परवडतं, असं यावर म्हटलं जातं. वैद्यक आणि अभियांत्रिकी दूरशिक्षणाने शिकवू नये हे आपण मान्य केलंच आहे, कारण हाताने करून शिकल्याशिवाय ते येत नाहीत. मानवशास्त्र त्या यादीत नाही ही चांगली गोष्ट आहे. पण यादीत नाही म्हणजे त्याला प्रात्यक्षिक लागत नाही असा अर्थ काढून त्याचा खर्च वाचवणं चुकीचं आहे. ज्या विषयाला प्रयोगशाळा, रसायनं, यंत्रं काहीच लागत नाही, त्याला एका वाचणाऱ्या माणसाचे सव्वाएकतीस तास तरी मिळावेत.

तोंडी परीक्षेचा आग्रह आणखी एका कारणासाठी. स्वाध्याय विकत मिळतात, आणि आता संगणकाकडून फुकट लिहूनही मिळतात. मॉसवरचा निबंध कुणी लिहिला हे ओळखणं अशक्य होत चाललं आहे. खोटी टिपणवहीही लिहून मिळेल, यात शंका नाही. पण तारीखवार हस्तलिखित पानांचे फोटो दर पंधरवड्याला आले आणि फोनवर "आठव्या पानावरच्या आजी कुठे बसल्या होत्या, त्या बोलताना सून आत होती का" असं विचारलं, तर जो तिथे होता तो थांबून आठवून सांगतो आणि जो नव्हता तो सुसंगत उत्तर देतो. अनुभवी वाचकाला हा फरक कळतो.

दूरशिक्षणाची खरी ताकद या सगळ्याच्या पुढे आहे. वर्गातली तीस मुलं एका शहरात, बहुतेकदा एका थरात राहतात. दूरशिक्षणाच्या तुकडीत एक भोरची असते, एक हडपसरची, एक सोलापूरहून कात्रजला आलेली, एक लातूरची. 25 जणींनी आपापल्या घरी एकच प्रश्न विचारला, आत्याच्या नवऱ्याला काय म्हणतात? आतोबा, मामा, काका, किंवा नुसतं आडनावाला राव लावून. उत्तरं नकाशावर मांडली आणि शेजारी 'मामाची मुलगी करतात का' याचं उत्तर मांडलं, की तुकडीच्या हाती एक तुलनात्मक अभ्यास येतो. जिथे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात तिथेच ते लग्न चालतं का? जुळलं तर का, नाही जुळलं तर काय सुटलं? कुठल्याही एका महाविद्यालयाच्या वर्गात हे एका आठवड्यात घडू शकत नाही. दूरशिक्षणात विद्यार्थी विखुरलेले असतात ही उणीव समजली जाते. या एका विषयात ती उपकरणासारखी वापरता येते. आज मात्र या पंचवीस जणींची एकमेकींशी गाठ परीक्षा केंद्राच्या दारात पडते.

जुलैच्या सत्राचे प्रवेश चालू असतात, त्याच सुमाराला पालख्या पुण्यात येतात. ज्ञानोबांची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत. पुस्तकं हातात पडायला अजून वेळ असतो. नव्या विद्यार्थ्याला पालखी हा विषय देऊ नये, तो फार मोठा आहे. एक घर द्यावं, किंवा एक मंडळ, जे एका दिंडीला जेवण घालतं. दिंडीचा क्रमांक रथापुढचा की रथामागचा, पीठ कुणाकडून आलं, भाकरी किती आणि कुणी थापल्या, किती वर्षं हीच दिंडी, पंगतीत कोण बसलं आणि कोण वाढायला उभं राहिलं. दोन तास तिथे राहावं, हाताला काम पडलं तर करावं, आणि त्याच रात्री वही लिहावी.